खालची रेघ

सोमवार, ८ एप्रिल २००२

शंकर नगरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आज खापरीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडून दिली. ती चटकन जागेवर बसायला हवी होती. बसली नाही. डॉक्टरांनी हात काढून घेतला तरी ती चिमूट तशीच उभी राहिली, आणि मग सावकाश, फार सावकाश विरली.

खापरी ही आमच्या सासूबाईंची मांजर. फुटक्या कौलाच्या रंगाची, म्हणून त्यांनीच ठेवलेलं नाव. बारा वर्षांची आहे. सासूबाई गेल्या वर्षी दोन जूनला गेल्या आणि ही माझ्या गळ्यात पडली. मला मांजरं आवडत नाहीत. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझीच फसगत व्हायला नको.

डॉक्टर म्हणाले, किडनी निम्म्याहून जास्त गेली आहे. अंग पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे जितकं पाणी पोटात जाईल तितके तिचे दिवस. मी म्हटलं, वाटी भरलेली असते हो, ही तोंड लावत नाही. तर म्हणाले, मांजराची जात मूळची कोरड्या मुलखातली, तहान लागलेली तिला कळत नाही. शिकारीच्या मांसातूनच तिला पाणी मिळायचं. "पानी पिलाइए मत मैडम, खिलाइए," म्हणाले.

रिक्षात खापरी मांडीवर पिशवीत होती आणि मी एकच विचार करत होते. मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला नेमकं उलटं सांगितलं होतं. सासूबाईंचीही किडनीच होती. त्यांचं अंग पाणी बाहेरच टाकत नव्हतं. दिवसाला सातशे मिली, त्यावर एक थेंब नाही. त्यांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. हिची कातडी ओढली की उंचवटा राहतो.

मंगळवार, ९ एप्रिल

ती बाटली फेकली नव्हती. माळ्यावर होती. प्लॅस्टिकची, लिटरची, अंगावर सातशेच्या जागी माझ्या लाल नेलपॉलिशची रेघ. रोज सकाळी मी ती रेघेपर्यंत भरून सासूबाईंच्या उशाशी ठेवायची. त्यातलंच दिवसभर पुरवायचं, फुलपात्रात घोट घोट ओतून.

आज त्याच बाटलीवर दीडशेला दुसरी रेघ मारली. खापरीला दिवसाला किमान इतकं. वरच्या रेघेपेक्षा जास्त नको, खालच्या रेघेपेक्षा कमी नको. बाटली रोज वरच्या रेघेपर्यंतच भरते, हाताला सवय आहे. मांजरीला देऊन उरतं ते मी पिते. वाया कशाला घालवायचं. कॉलनीत नळ एक तास येतो. नवं राज्य होऊन हे शहर राजधानी झाल्यापासून माणसं वाढली, पाणी तेवढंच आहे.

गुरुवार, ११ एप्रिल

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि आज मागच्या अंगणात रॉकेलच्या स्टोव्हवर कोंबडी शिजली. कलावतीनं शिजवली. ती पंधरा वर्षं आमच्याकडे भांडी घासते आहे. मी नाकाला पदर लावून दाराशी उभी राहून सूचना दिल्या: मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, पाणी भरपूर, आणि ते फेकायचं नाही. मांस बारीक कुस्करून त्याच पाण्यात पातळ कालवायचं आणि कोमट असतानाच द्यायचं, म्हणजे वास येतो. दूध बंद, दुधानं तिचं पोट बिघडतं. आणि सुक्सी बंद. ही सुकवलेली मासळी सासूबाई कलावतीकडून चोरून आणवायच्या, मला माहीत होतं.

कालवण द्यायला पसरट वाटी हवी. अरुंद वाटीत मिशा टेकतात, मांजराला ते खपत नाही. माझ्या सहा पसरट वाट्यांपैकी पाचच आहेत. सहावी गेल्या वर्षी हरवली. तेव्हा मी कलावतीला स्पष्टच विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, "मैं नई लेगे हौं दीदी," मी नाही नेली. मी विश्वास ठेवला नव्हता. आजही वाट्या काढताना ती माझ्याकडे न बघता उभी होती.

रविवार, १४ एप्रिल

खाते आहे. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. अंदाजे शंभर मिली पाणी पोटात गेलं. मला फार आनंद झाला, इतका की नवऱ्याला, निरंजनना, हाक मारून सांगितलं. ते पेपरातून वर न बघता म्हणाले, "तुले मांजर आवडत नव्हती ना?"

तीन वाजता एक गोष्ट झाली. सासूबाईंची खाट त्यांच्या खोलीत तशीच आहे, निवारीची, सुती पट्ट्यांनी विणलेली. निरंजन ती हलवू देत नाहीत. खापरी त्या खाटेखाली जाऊन बसली. झोपायला नाही. ताठ बसली, मान वर करून, खाटेच्या कडेकडे बघत. मग तोंड उघडून तिनं हळू आवाज काढला, उत्तराची वाट बघितली, परत काढला. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी दाराशी उभी होते, तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

बुधवार, १७ एप्रिल

खाटेखाली झाडायला वाकले तर फरशीवर एक पांढरं वर्तुळ दिसलं. वाटीच्या बुडाएवढं, अगदी गोल. इथलं बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की डाग धरतं, हे मला कळतं. पण तिथे पाणी ठेवतो कोण? लिंबू लावून घासलं. गेलं.

शुक्रवार, १९ एप्रिल

वर्तुळ परत आहे.

सोमवार, २२ एप्रिल

खापरी ९०. ऊन त्रेचाळीस. वर्तुळ आहे. आता घासत नाही.

बुधवार, २४ एप्रिल

आजपासून रजा टाकली. साहेबांना वाटलं घरात कोणी आजारी आहे. मी हो म्हटलं.

लिहिणार नव्हते, पण वहीला तरी खरं सांगावं. दोन जूनला शनिवार होता. ऑफिसात भोपाळहून फायलींची पोती आली होती, दोन राज्यांची वाटणी चालू होती, आणि मला घरी थांबता आलं असतं पण मी थांबले नाही. रोज रोज त्या खोलीत पाण्यावरून भांडायचा मला कंटाळा आला होता. सासूबाई म्हणायच्या, "एक घोट दे वो कौमुदे, मले कोरड पडली." मी रेघ दाखवायची. त्यांचा हात थरथरायचा, खाटेजवळची फरशी रोज ओली असायची, आणि मी वर त्यांनाच बोलायची, की मोजून मिळतं ते सांडता कशाला.

त्या दिवशी बाटली भरून उशाशी ठेवली. यामिनीला, आमच्या मुलीला, बजावलं, संपली की संपली, वर द्यायचं नाही. साडेतीनला शेजारच्यांचा फोन आला. पोचले तेव्हा बाटली रिकामी होती, फुलपात्र जमिनीवर कलंडलं होतं आणि यामिनी भिंतीला टेकून उभी होती. ती इथेच वाढली, मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते. म्हणाली, "दादी गिलास दिखा-दिखा के बस खाली, खाली बोल रही थी. मैं क्या करती, आपने मना किया था."

म्हणजे माझी सासू रिकामं फुलपात्र दाखवत, पाणी मागत गेली. आणि पाणी मी बंद केलं होतं. वर ती एकादशी होती, निर्जला. भेटायला आलेले म्हणाले, केवढं भाग्य. निरंजन मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्या दिवशी नाही, नंतर नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

ही मांजर तहानेनं मेली तर माझ्या हातून दोन होतील. म्हणून हे सगळं चाललं आहे. मांजराच्या प्रेमापोटी नाही.

सोमवार, २९ एप्रिल

दुपारी डॉक्टरांकडे गेले होते. घराला कुलूप. यामिनीची परीक्षा, निरंजन ड्यूटीवर, कलावती सकाळीच काम करून गेलेली. चारला परतले तर लाईट नव्हती, खोलीत उकाडा कोंडलेला. खापरी खाटेखाली बसली होती. तिची हनुवटी ओली होती. वर्तुळाच्या आत पाणी होतं, जेमतेम दोन चमचे, आणि ते वर्तुळाच्या बाहेर गेलं नव्हतं.

कूलर गळला असेल असं लिहिणार होते. पण कूलर दुसऱ्या भिंतीला आहे आणि बंद होता.

बोट बुडवून पाहिलं. गार होतं. मी खोलीचं दार लावून घेतलं, बाहेर येऊन बसले आणि संध्याकाळी निरंजन येईपर्यंत उठले नाही. त्यांना काही सांगितलं नाही.

शुक्रवार, ३ मे

कालपासून खाणं सोडलं. कोंबडीचं पाणी नको, माशाचं नको, भोपळा कुस्करून घातलेलं तर हुंगलंही नाही. पाच वाट्या पाच ठिकाणी ठेवल्या आहेत, खाण्यापासून लांब, डॉक्टरांनी सांगितलं तसं. एकीत नवीन माठातलं पाणी, एकीत बर्फाचा खडा. ती सगळ्यांवरून जाते आणि खाटेखाली जाऊन वर बघत बसते.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, जहाँ वो बैठती है वहीं दीजिए. वाटी खाटेखाली सरकवली. तिनं वाटीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. जशी वाटी भरायची बाकी आहे.

निरंजन आज म्हणाले, "तुझे ओठ काहून फाटून राहिले? पाणी पीत जाय." म्हटलं, ऊनच तसं आहे. मी पिते ना, बाटलीतलं उरलेलं रोज पिते. सातशेच्या वर माणसाला लागतं तरी किती.

मंगळवार, ७ मे

आज दुपारी मी त्या खाटेवर आडवी झाले. ठरवून नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं आणि जवळ खाटच होती. हातात सासूबाईंचं फुलपात्र होतं, अर्धं भरलेलं. बाहेर चव्वेचाळीस होतं आणि निवार मात्र गार लागली, कोणी ओल्या अंगानं नुकतंच उठून गेल्यासारखी.

डोळा लागला असावा. जाग आली ती बोटांना खरखरीत काही लागलं म्हणून. माझा हात खाटेवरून लोंबकळत होता, फुलपात्र तिरपं झालं होतं आणि खापरी मागच्या पायांवर उभी राहून त्यातून पाणी पीत होती. हात मी कधी सोडला मला आठवत नाही. मी कुशीवर वळून झोपत नाही, आणि आज कुशीवर होते, भिंतीकडे पाठ करून, सासूबाई झोपायच्या तशी.

चाळीस मिली प्यायली. संध्याकाळी कालवणही खाल्लं, पण तिथेच, आणि माझा हात वरून आला तेव्हाच.

शुक्रवार, १० मे

रोज तीनला जाऊन पडते. खापरी ११०. निरंजन आज लवकर आले, दाराशीच थबकले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "मले वाटलं आईच निजून राहिली." मग म्हणाले, "उठ तिथून." मी म्हटलं, ती पिऊन होऊ दे.

रात्री यामिनीनं माझ्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून ओढली आणि सोडली. आम्ही तिघं बघत होतो. तिनं विचारलं, "मम्मी, आप दिन में कितना पानी पीती हो?" उत्तर बाटलीवर होतं, वरच्या आणि खालच्या रेघेच्या मधलं. साडेपाचशे. सासूबाईंपेक्षाही कमी. हे मला आजपर्यंत सुचलं नव्हतं, हे खरं लिहिते आहे.

निरंजननी तांब्या भरून पुढे ठेवला. मी दोन घोट घेतले. तिसरा गळ्याखाली गेला नाही.

मंगळवार, १४ मे

उद्या अक्षय तृतीया. गेलेल्या माणसासाठी पाण्याची घागर भरायची. सासूबाईंची पहिलीच. निरंजननी गुढियारीच्या बाजारातून लाल घागर आणली, वर ठेवायला खरबूज आणलं, आणि म्हणाले, घागर आईच्या खोलीतच मांडू, खाटेजवळ. म्हणजे खोली धुवायला हवी. खाटेखालची पत्र्याची पेटी वर्षात हलली नव्हती. मी आणि कलावतीनं ती ओढली.

पेटीच्या मागे, भिंतीशी, माझी सहावी वाटी होती.

आत चुन्यासारखा पांढरा थर बसलेला आणि त्यात खापराच्या रंगाचे केस चिकटलेले. मी वाटी पुसून त्या वर्तुळावर ठेवली. तंतोतंत बसली.

मी तिथेच फरशीवर बसले. खाटेची कड वर, वाटी बरोबर तिच्या रेषेत. खाटेवरून हात सोडला की फुलपात्र वाटीवर येतं. रोजची ती ओली फरशी. मागून मागून घेतलेला एकेक घोट. आणि खापरी त्या उन्हाळ्यात अंगणातल्या वाटीला तोंड लावत नव्हती, कारण तिला पाणी वरून यायचं.

मग यामिनीला हाक मारली. विचारलं, त्या दिवशी आजीच्या फुलपात्रात पाणी होतं का.

ती म्हणाली, "था."

"किती?"

"आधे से ज़्यादा. इसीलिए तो मुझे लगा दादी का दिमाग़ चल गया है. भरा गिलास दिखा के खाली बोल रही थी. मैंने उनके मुँह से लगाया तो उन्होंने मुँह फेर लिया. फिर हाथ से छूट गया."

मी विचारलं, हे मला सांगितलं का नाहीस. तर म्हणाली, "आपने पूछा ही कहाँ. खाली सुनते ही आप रोने लगी थीं." आणि स्वतःच रडायला लागली. वर्षभर पोरगी हे घेऊन फिरते आहे आणि मी तिला एकदाही जवळ घेतलं नव्हतं. आज घेतलं.

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. सासूबाईंना हिंदी कधी धड आली नाही. त्या मराठीत म्हणत होत्या, खाली. खाली ठेव. खाली आहे ती, तिला दे. आणि मी, जी जन्मभर दोन्ही भाषा बोलत आले, ऑफिसात दोन्हीतले कागद वाचत आले, त्या एका शब्दाखाली वर्षभर दबून राहिले. या वहीत मी तो शब्द किती वेळा लिहिला आहे ते आत्ता मागे जाऊन वाचलं. एकदाही थांबले नाही.

त्या तहानलेल्या होत्या, हे खरंच आहे. त्यातून माझी सुटका नाही. पण शेवटचं पाणी त्यांनी मागितलं नव्हतं, दिलं होतं.

बुधवार, १५ मे, अक्षय तृतीया

सकाळी कलावती आली तेव्हा वाटीबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "हव दीदी, दादी ला महूँ देखे रहेंव." तीही बघत होती म्हणे, दादीला पाणी ओतताना. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, दादीनं शपथ घातली होती. कौमुदीला कळलं तर मांजरीचंही पाणी मोजेल, असं म्हणाली होती दादी. मला हसू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना. बाईनं मला बरोबर ओळखलं होतं.

निरंजननी घागर भरली. आईचं नाव घेऊन पाणी सोडलं. काल रात्री त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "मी तुले कधी दोष नाही देल्ला. पण तसं सांगाले पाह्यजे होतं." हो, पाहिजे होतं.

डॉक्टर म्हणतात, खापरी पावसाळा बघेल की नाही सांगता येत नाही. मला आता त्याची भीती वाटत नाही. वाईट वाटतं, ते वेगळं.

तीन वाजता मी खोलीत गेले. खाटेवर आडवी झाले नाही. सहावी वाटी वर्तुळावर ठेवली, फुलपात्र घागरीत बुडवून भरलं आणि खाली बसून वरून बारीक धार सोडली. खापरी आली. वाटीशी बसली, पण लगेच तोंड घातलं नाही. आधी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून, खाटेच्या कडेकडे. तेवढ्यात निवार करकरली, एखादं माणूस कुशीवर वळावं तशी. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी मागे वळून पाहिलं नाही. खापरीनं मान खाली घातली आणि प्यायला लागली.

ती पिऊन झाल्यावर फुलपात्र पुन्हा घागरीत बुडवलं. दारात निरंजन उभे होते. हे पाणी पितरांचं, म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "पी. आईचं आहे."

मी प्यायले. परत भरून प्यायले, आणि मग पुन्हा. आज मोजलं नाही.